गोटे अंथरण्यापूर्वी: घरात आणि बागेत या चुका टाळा

गोट्यांच्या सजावटीत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: दगड निर्जीव आहे, तो कोणाला काही करत नाही, म्हणून एकदा अंथरला की काम संपले. प्रत्यक्षात दगड ऊन धरून ठेवतो, पाण्याची वाट बदलतो आणि त्याच्या काही जाती मातीचा सामू (pH), म्हणजे तिचा आम्ल-अल्कधर्मीपणासुद्धा बदलतात. म्हणून गोटा निवडताना त्याच्या रंगाइतकाच तो कुठे बसणार आहे आणि त्याच्याखाली काय आहे, याचाही विचार झाला पाहिजे.

सर्वांत रुळलेली चूक कुंडीच्या तळाशी होते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीत आधी गोट्यांचा थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट होतो. मातीच्या बारीक कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्या पाणी घट्ट धरून ठेवतात आणि खालच्या गोट्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजासहजी उतरत नाही. गोट्यांच्या लगत असलेली माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली झिरपू लागते. त्यामुळे एरवी कुंडीच्या अगदी बुडाशी राहणारा चिकचिकीत ओला पट्टा गोट्यांच्या थराच्या उंचीइतका वर सरकतो आणि नेमका मुळांच्या जागी येतो. पाणी मोजकेच घालूनही झाड मलूल राहत असेल आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर कुंडी उपडी करून हा थर काढून टाकावा, छिद्रावर केवळ माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा आणि कुंडी तळापासून वरपर्यंत एकाच भुसभुशीत मिश्रणाने भरावी. गोट्यांची शोभा हवीच असेल, तर ते मातीच्या वर पसरावेत. तिथेही ते खोडाला भिडवू नयेत. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, कारण सतत दमट राहिलेली साल कुजू लागते.

दुसरी चूक दगडाची जात न पाहण्याची. पांढरेशुभ्र गोटे पुष्कळदा संगमरवराचे किंवा चुनखडीच्या दगडाचे असतात आणि पाणी घालताना त्यांच्यातला चुना थोडा थोडा विरघळून मातीत उतरतो. अनंत, अझेलिया, ब्लूबेरी यांसारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांना त्यामुळे मातीत असलेले लोहही घेता येईनासे होते. याची खूण स्पष्ट असते: कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. अशा वेळी खतांचे डोस वाढवण्याआधी गोटा तपासावा. तो कोरडा करून टोकदार वस्तूने थोडा खरवडावा आणि त्या जागी व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे उठून फसफसले, तर दगडात चुना आहे. हाच दगड माशांच्या टाकीत घातला, तर पाण्याचा जडपणा आणि सामू वाढतो. गारगोटी, ग्रॅनाइट किंवा बेसाल्टचे गोटे या दोन्ही ठिकाणी निर्धास्तपणे वापरावेत.

खरेदी करताना आणखी एक फसगत होते. ओला गोटा कोरड्यापेक्षा गडद आणि तजेलदार दिसतो, त्यामुळे भिजलेले गोटे पाहून केलेली निवड घरी वाळल्यावर फिकी वाटते. मग तो रंग परत आणण्यासाठी वार्निश लावले जाते आणि उन्हापावसात त्याचे पोपडे निघतात. गोटे कोरडे असतानाच पसंत करावेत. रंगवलेल्यांपैकी मूठभर गोटे रात्रभर पाण्यात ठेवून पाहावेत. पाण्याला रंग आला, तर ते झाडांजवळ नेऊ नयेत. फुकट मिळतात म्हणून नदीकाठचे गोटे उचलून आणण्याचा मोहही टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्या गोट्यांच्या खाली पाणकीटक वाढतात आणि टिटवीसारखे पक्षी उघड्यावर, गोट्यांमध्येच अंडी घालतात.

किती गोटे लागतील, हा अंदाजही हमखास चुकतो. एक चौरस मीटर जागेवर 5 सेंटीमीटर जाडीचा थर द्यायचा, तर 50 लिटर गोटे लागतात आणि त्यांचे वजन साधारण 75 ते 80 किलो भरते. याच हिशेबाने 4 चौरस मीटरच्या बाल्कनीत 300 किलोंच्या आसपास भार पडतो. म्हणून तिथे पूर्ण थर न देता कडेने एखादा पट्टा करणे किंवा कुंड्यांपुरतेच गोटे वापरणे शहाणपणाचे.

जमिनीवर गोटे अंथरताना खाली प्लॅस्टिकचा कागद घालू नये. त्यातून पाणी आणि हवा खाली जात नाही, आणि माती घुसमटते. पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड वापरावे, पण तेवढ्याने तण कायमचे थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. कापड केवळ खालून येणारे तण अडवते; वाऱ्याने आलेले बी वर साचलेल्या धुळीत आणि कुजलेल्या पानांत आरामात रुजते. यावर उपाय एकच, पाने वेळच्या वेळी उचलणे आणि थर फार मळला की गोटे जाळीवर चाळून, धुऊन पुन्हा पसरणे. ज्या झाडाची पानगळ भरपूर आहे, त्याच्याखाली बारीक गोटे घालूच नयेत. पायवाटेसाठीही वाटोळे गोटे गैरसोयीचे ठरतात, कारण ते एकमेकांत अडकून बसत नाहीत आणि पाय घसरतो. तिथे कोनदार बारीक खडी आणि दोन्ही बाजूंना कड हवी.

घरात तीन गोष्टी जपाव्यात. दगडांचा कठीणपणा 1 ते 10 अशा चढत्या अंकांत सांगणाऱ्या मोहस मापनात गारगोटीचा कठीणपणा 7 आणि संगमरवराचा 3 असतो, त्यामुळे संगमरवरी फरशीवर गोट्यांचे भांडे सरकवले की ओरखडे पडतात. भांड्याखाली जाड कापड घालावे. गोटे घातलेल्या तबकातले पाणी दर आठवड्याला बदलावे, नाहीतर त्यात डास होतात. आणि लहान मूल असलेल्या घरात तोंडात मावतील एवढे गोटे हाताला लागतील असे ठेवू नयेत. शेकोटीभोवती तर नदीतले गोटे कधीच रचू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि तुकडे उडतात.

सावलीतले पांढरे गोटे शेवाळाने हिरवे पडले, तर ताठ ब्रशने साध्या पाण्यात घासावेत. हट्टी डागासाठी पातळ केलेले ब्लीच चालते, मात्र नंतर गोटे भरपूर पाण्याने धुऊनच झाडांजवळ न्यावेत. संगमरवरी गोट्यांना अॅसिड लावू नये, कारण त्यांची चकाकी जाते. आणि ब्लीचमध्ये अॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.