वजन वर-खाली होतं? मग किल्टचं माप देताना या चुका टाळा

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा घागऱ्यासारखा पोशाख. मी तिथे एडिनबराला बरीच वर्षं राहतोय आणि दर वर्षी 30 नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, म्हणजे स्कॉटलंडचा राष्ट्रीय दिवस, जवळ आला की आपल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, दादा किल्ट शिवायला टाकायचाय, ऑफिसमधल्या मित्राचं लग्न आहे किंवा 25 जानेवारीला बर्न्स नाइटचं, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीचं, जेवण आहे, पण माझं वजन कधी 82 असतं कधी 90, माप कुठलं देऊ? प्रश्न अगदी रास्त आहे. हाताने शिवलेला लोकरीचा किल्ट महाग पडतो, शिवून यायला आठ-दहा आठवडे सहज जातात आणि एकदा घेतला की माणूस वीस वर्षं वापरतो. वीस वर्षं एकच कंबर कुणाची राहते? कुणाला थायरॉइड असतो, कुणाची औषधं चालू असतात, कुणी मे महिन्यात घरी जाऊन आमरस-पुरी खाऊन येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त माप देताना ते धरून चालायचं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पूर्वी हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, जो फेला मोर, म्हणजे मोठा किल्ट, नेसायचे तो बिनशिवलेला लांबच लांब कापडाचा असायचा, निऱ्या घालायच्या आणि वरून पट्टा आवळायचा, आपल्या धोतरासारखं, पोट वाढो की उतरो काही फरक नाही. आजचा किल्ट तसा नाही. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि मागच्या सगळ्या निऱ्या कमरेपासून सीटपर्यंत, म्हणजे नितंबांपर्यंत, पक्क्या शिवून टाकलेल्या असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. म्हणजे सैल-घट्ट करायची जागा उरते ती बाजूच्या चामड्याच्या पट्ट्यांची, आणि तीसुद्धा साधारण इंचभर इकडे, इंचभर तिकडे.

पहिली चूक म्हणजे जीन्सचा नंबर सांगणं. जीन्स कमरेच्या खाली बसते आणि तिच्यावरचा आकडा बऱ्याचदा खऱ्या मापापेक्षा कमीच असतो. किल्ट बसतो वर, बेंबीच्या पातळीला. माझी जीन्स 36 ची आणि बेंबीवरून टेप फिरवली तर 39, तीन इंचांचा फरक, तो कुठलाच बकल भरून काढणार नाही. पातळ शर्टावरून टेप लावा, पोट आत ओढू नका, श्वास सोडून उभे राहा, आणि शक्यतो दुसऱ्याला माप घ्यायला सांगा कारण स्वतः वाकून आकडा बघायला गेलं की टेप हमखास सरकते.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. पहिला किल्ट शिवताना 39 कंबर असताना मी 37 सांगितलं, कारण जूनच्या लग्नापर्यंत चार किलो उतरवायचे असं ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं, पण मध्ये पुण्याला जाणं झालं, आंबे होते, आई होती. जूनमध्ये सगळे पट्टे शेवटच्या भोकावर आणि मागच्या निऱ्या पंख्यासारख्या उघडलेल्या. आठवं वार काय कामाचं जर निऱ्या मिटतच नसतील! तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतो की माप आजच्या शरीराचं द्या, ठरवलेल्या शरीराचं नको.

आणि आज म्हणजे एकच दिवस पण नाही. एक महिनाभर दर रविवारी सकाळी एकदा आणि रात्री जेवल्यावर एकदा माप घ्या आणि लिहून ठेवा. सकाळ-रात्रीतच अर्धा-पाऊण इंचाचा फरक दिसेल. वर्षात वजन कुठून कुठे जातं त्याचाही अंदाज असतोच आपल्याला. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात दोन इंचांपर्यंत फरक असेल तर मधला आकडा द्या, म्हणजे तो मधल्या भोकावर बसेल. फरक जास्त असेल तर मोठ्या आकड्याकडे झुका, कारण असलेलं कापड आवळता येतं, नसलेलं कुठून आणणार.

आता जी चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि जी नंतर सुधारायला सगळ्यात अवघड, ती म्हणजे सगळं लक्ष कमरेवर आणि सीटकडे दुर्लक्ष. कंबर चुकली तर बकल उसवून सरकवता येतात, तासाभराचं काम. सीटला मात्र निऱ्या शिवलेल्या असतात, तिथे घेर वाढवायचा म्हणजे निऱ्याच उसवायच्या. त्यात बरेच कारागीर निऱ्यांच्या आतलं वरचं जादा कापड जाडी कमी करायला कापून टाकतात, मग सोडायला काही उरतच नाही. म्हणून सीटचं माप नेहमी सगळ्यात रुंद जागी आणि वजन जास्त असतानाचं द्या. ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा की माझं वजन बदलतं, आत माया ठेवा. आपल्याकडे टेलरला ब्लाउजच्या वेळी सांगतो ना, तसंच. चांगला कारागीर उलट खूश होतो, कारण पुढे दुरुस्तीला येणारा किल्ट त्यालाही नकोच असतो.

घातल्यावर कसं ओळखायचं? मागच्या निऱ्या उभं राहिल्यावर मिटलेल्या हव्यात. सीटपाशी उघडत असतील तर सीट घट्ट आहे, कंबर सोडून काही उपयोग नाही. मागे कमरेशी पोकळी राहून किल्ट खाली सरकत असेल आणि काठ गुडघा झाकत असेल तर कंबर सैल आहे. वरच्या पदराची मोकळी कड उजव्या बाजूपर्यंत नीट पोचत नसेल तर माप छोटं पडलंय.

पट्ट्यांची एक गंमत आहे, नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. आतल्या पदराचा पट्टा डावीकडच्या फटीतून बाहेर येऊन डाव्या बाजूला लागतो, वरच्या पदराचे उजवीकडे. घाईत माणूस उजवा पट्टा दोन भोकं ओढतो आणि डावा तसाच राहतो. मग टार्टनची, म्हणजे किल्टच्या चौकटीच्या कापडाची, मधली रेघ बेंबीखाली न राहता एका बाजूला जाते, स्पोरन (पुढे कमरेला लटकवायची चामड्याची थैली) मध्ये आणि रेघ बाजूला असं दिसतं, आणि निऱ्याही एका कुशीवर येतात. वजन उतरलं की दोन्हीकडे सारखं आवळा, डावा एक भोक तर उजवाही एक भोक. बकल सरकवून घेतानाही दोन्हीकडचे सारखेच सरकवायला सांगा.

लांबीवरही पोटाचा परिणाम होतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. पोट पुढे आलं की समोरचा काठ वर उचलला जातो, मागून किल्ट गुडघ्याच्या मध्यावर आणि पुढून वर, असं दिसतं. किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच असतो, त्यामुळे सोडायला काही नाही. पोटाचा घेर बदलत असेल तर पुढची आणि मागची उंची वेगवेगळी मोजून घ्या.

किल्ट पिनने सैलपणा झाकू नका, ती फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांतून टोचली तर बसताना कापड ताणून फाटतं. रुंद पट्टाही आधारासाठी नाही, किल्ट स्वतःच्या पट्ट्यांवरच उभा राहायला हवा. वर वेस्टकोट असेल तर आतून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावणारे लोक आहेत, पोट मोठं असेल तर त्याचा खरंच उपयोग होतो. आणि एकाच लग्नापुरता हवा असेल तर सरळ भाड्याने घ्या, माप आधी दिलेलं असलं तरी कपडे आणायला जाल तेव्हा दुकानातच घालून बघा.

समारंभाच्या दोन आठवडे आधी घरी एकदा पूर्ण घाला, मोजे-बूट-स्पोरनसकट. डावा पट्टा आधी, मग उजवे. खुर्चीवर बसा, पोटभर जेवा, स्ट्रिप द विलो हा गिरक्यांचा स्कॉटिश समूहनाच नाचायचा असेल तर जोरात दोन गिरक्या घ्या आणि आरशात मागून बघा. दोन आठवड्यांत बकल सरकवून मिळतात, आदल्या दिवशी कुणी हात लावणार नाही.