जुन्या लिनक्सवर आवाज आणताना: मी शिकलो त्या क्रमाने

जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, सगळं सुरळीत झालं, फक्त आवाज नाही. माझी पहिली चूक म्हणजे मी सिस्टीम पुन्हा टाकली. एकदा नाही, तीनदा. दरवेळी तीच शांतता. आवाजाचा प्रश्न पुन्हा इन्स्टॉल करून सहसा सुटत नाही. तो कुठल्या पायरीवर अडलाय ते शोधावं लागतं.

माझं साउंड कार्ड आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमधलं, साउंड ब्लास्टर १६ जातीचं होतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, २.४ आवृत्तीचा. अशा कार्डाला पत्ता (आयओ), आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची लाइन) आणि डीएमए (थेट मेमरीशी देवाणघेवाणीचा मार्ग) हे तिन्ही आकडे आपण सांगावे लागायचे. नेहमीची जोडणी म्हणजे पत्ता २२० हेक्स, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि १६ बिटसाठी ५. मॉडप्रोब कमांडने मॉड्यूल, म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर, चढवायला गेलो की 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं यायचं आणि खाली सूचना, की आयओ किंवा आयआरक्यूचे आकडे चुकीचे असू शकतात. उत्तर त्या ओळीतच होतं, पण मी ती नुसती वाचून सोडून देत होतो.

शेवटी कुठला आयआरक्यू कोणाकडे आहे ते दाखवणारी, प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स फाइल उघडली. ५ या आकड्यासमोर नेटवर्क कार्ड बसलेलं! दोघांनाही तीच जागा हवी होती आणि नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल आधी चढत होतं. मशीन बंद करून नेटवर्क कार्डावरचा जंपर (आकडा ठरवणारी छोटी पिन-टोपी) ५ वरून १० वर सरकवला. पुन्हा सुरू केल्यावर साउंडचं मॉड्यूल विनातक्रार चढलं. म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की एरर पूर्ण वाचा आणि मग कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडच्या शेवटच्या ओळी बघा.

पीसीआय या नंतरच्या स्लॉटमधलं कार्ड असेल तर आकड्यांची ही कटकट बहुतेक वेळा नसते. एलएसपीसीआय कमांडमध्ये चिपचं नाव बघायचं, एलएसमॉड कमांडमध्ये तिचं मॉड्यूल चढलंय का ते बघायचं. मात्र डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला, त्यात आवाजासाठी जुन्या ओएसएसच्या जागी अल्सा ही मुख्य व्यवस्था झाली, आणि एक नवीच भानगड उभी राहिली. एकाच चिपसाठी दोन्ही व्यवस्थांचे ड्रायव्हर मशीनवर असायचे. इंटेलच्या चिपसाठी जुना आय८१०-ऑडिओ आणि नवा एसएनडी-इंटेल८एक्स०. जो आधी चढेल तो कार्ड धरून बसणार. जुन्याला ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप न चढवायच्या मॉड्यूलच्या यादीत, टाका.

यानंतरची गोष्ट मी अजूनही प्रत्येकाला सांगतो. ड्रायव्हर चढला, एरर नाही, गाण्याचा वेळ पुढे सरकतोय, तरी स्पीकर गप्प! अल्सामध्ये त्या काळी चॅनल सुरुवातीला बंदच असायचे. टर्मिनलवर अल्सामिक्सर उघडा. मास्टर (एकूण आवाज) आणि पीसीएम (गाण्यासारखा डिजिटल आवाज) यांच्या पट्ट्यांखाली 'एमएम' दिसलं तर तो चॅनल म्यूट आहे. एम दाबा, 'ओओ' होईल, मग वरच्या बाणाने पट्टी चढवा. दोन्ही उघडायला हवेत, एकाने भागत नाही. काही लॅपटॉपवर 'एक्स्टर्नल अॅम्प्लिफायर' नावाचा स्विचही तपासावा लागतो. त्याने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली.

रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, आवाज येतो आणि साध्या युजरला येत नाही? तर त्या युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. एकच प्रोग्राम वाजतो आणि दुसरा अडतो, तेव्हा एखादा साउंड सर्व्हर (प्रोग्रामांचा आवाज कार्डाकडे पोचवणारा मधला प्रोग्राम) उपकरण धरून बसलेला असतो. फ्यूजर कमांड डेव फोल्डरातल्या डीएसपी या आवाजाच्या फाइलवर चालवली की तो कोण ते कळतं.

आवाज आला की लगेच रूट होऊन 'अल्सासीटीएल स्टोअर' ही कमांड चालवून पट्ट्या जपून ठेवा. नाहीतर काही मशीनवर पुढच्या बूटला पट्ट्या पुन्हा शून्यावर जातात आणि आपण परत ड्रायव्हरच्या मागे लागतो.