बातम्यांच्या साइटवर कॅश लावताना या चुका टाळा

'बातमी बदलली पण साइटवर दिसत नाही' असा फोन आला की नवीन पोरं सांगतात, कंट्रोल-शिफ्ट-आर मारा, म्हणजे कॅश (साठवून ठेवलेली पानाची प्रत) सोडून पान नव्याने येतं. मारलं, दिसलं, विषय संपला. अरे पण वाचक मोबाइलवर असतो, तो काय मारणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पानालाच लांबलचक मॅक्स-एज (साठवलेली प्रत किती सेकंद चालवायची ती मुदत) देणं. 10 मार्च 2022, विधानसभेची मतमोजणी, 40 मतदारसंघ, पणजीतल्या एका पोर्टलचं काम माझ्याकडे होतं. लोड वाढेल म्हणून आदल्या रात्री कुणीतरी घाईत सगळ्या साइटला 86400 सेकंद लावून ठेवलेले, म्हणजे अख्खा दिवस. सकाळी मी सीडीएन (साइट आणि वाचक यांच्या मधले, प्रती साठवून पुरवणारे सर्व्हर) पर्ज केलं, म्हणजे तिथल्या जुन्या प्रती पुसल्या, ऑफिसात ताजे आकडे दिसायला लागले, हुश्श झालं. दहा वाजता म्हापशाहून मावशीचा फोन, 'बाबा, तुमच्याकडे मोजणी सुरूच झाली नाही काय?' तिने सात वाजता पान उघडलेलं, तीच प्रत तिच्या फोनमध्ये बसून होती. सीडीएन कितीही पर्ज करा, वाचकाच्या ब्राउझरमधली प्रत तुमच्या हातात नसते. शेवटी निकालांचं पान नवीन पत्त्यावर टाकलं आणि ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पानाला मॅक्स-एज 0 आणि एस-मॅक्सएज (तीच मुदत, पण सीडीएनसाठी) 30, म्हणजे ब्राउझर दर वेळी विचारतो पण उत्तर सीडीएन देतं, सर्व्हरवर गर्दी होत नाही, आणि ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) जुळला तर नुसतं 304, म्हणजे 'बदल नाही' एवढंच उत्तर जातं, अख्खं पान परत पाठवावं लागत नाही. पावसाळ्यात सत्तरी तालुक्याकडे रेंज एकच काडी असते तेव्हा याची किंमत कळते. सीएसएस, जावास्क्रिप्ट, फोटो यांना मात्र बिनधास्त वर्षभर ठेवा, 31536000, फक्त फाइल बदलली की नावातला हॅश (फाइलच्या मजकुरावरून बनणारा कोड) बदलायलाच हवा. हे एकदा बिल्डमध्ये (साइटच्या फाइली आपोआप तयार होतात त्या पायरीत) बसवायला अर्धा दिवस लागतो, तो द्या, हाताने नावं बदलत बसलात तर एक दिवस विसरणारच.

नो-कॅशचा अर्थ 'साठवू नको' असा नाही! साठव, पण वापरण्याआधी विचार, एवढाच. साठवायचंच नसेल तर नो-स्टोअर.

लॉगिन केलेल्याचं पान सीडीएनवर ठेवू नका, एकाचं नाव दुसऱ्याला दिसतं. तिथे प्रायव्हेट लावा, म्हणजे प्रत फक्त त्याच्याच ब्राउझरमध्ये राहते.

व्हेरीमध्ये (कशावरून वेगळी प्रत ठेवायची ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) युझर-एजंट, म्हणजे ब्राउझरची ओळख, टाकू नका, एकाच पानाच्या शेकडो प्रती होतात.

आणि तपासताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधली 'डिसेबल कॅश'ची टिक आधी काढा, नाहीतर तुम्हाला सगळं ताजंच दिसत राहणार.