या चुका टाळा: केक मधोमध बसतो, नानकटाई पसरते, बिस्किटं सादळतात

रेसिपीत 'लोणी रूम टेंपरेचरला आणा' असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा वीस-बावीस अंशांची खोली असते. आपल्याकडे मे महिना, शेजारच्या शेगडीवर कुकर, ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद आणि पारा तिशीच्या वर. जून लागला की हवेतच पाणी. मुंबईत फसलेल्या केकचा माग काढत गेलं तर बहुतेकदा उष्मा आणि दमटपणा हे दोघंच सापडतात. तिसरा गुन्हेगार मोजमाप, पण ते काही हवामानावर ढकलता येत नाही.

वाटी म्हणजे कप नव्हे

रेसिपीतला कप साधारण २४० मिलीचा असतो. आमटीची वाटी दीडशेच्या आसपास भरते आणि चहाचा कप तर बरेचदा त्याहून लहान. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण निदान टिकतं. घोळ होतो तो मैदा वाटीने, दूध मेजरिंग कपाने आणि अंडी नगावर घेतली की. त्यात कप मैद्याच्या डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि १५० ग्रॅमपर्यंत जातो. तोच चमच्याने हलका भरून वरून सुरी फिरवली तर १२० ते १२५ ग्रॅम. दोन कपांत पन्नास ग्रॅमचा फरक पडला की केक कोरडा होणार, वर तडा जाणार. डिजिटल वजनकाटा घ्या, बाकीचा सरंजाम नंतर आणला तरी चालेल.

१२५ ग्रॅम मैद्याला बेकिंग पावडर सपाट १ ते सव्वा टीस्पून पुरते. टीस्पून म्हणजे ५ मिली, चहात साखर घालायचा कुठलाही चमचा नव्हे. 'जास्त फुगावा' म्हणून चिमूटभर वाढवली तर केक ओव्हनमध्ये भराभर वर येतो आणि आतली बांधणी पक्की व्हायच्या आत खाली बसतो. खाण्याचा सोडा पाव टीस्पूनच, आणि त्याला दही, व्हिनेगर किंवा लिंबू असं काही आंबट लागतंच. नाहीतर तोंडात साबणासारखी चव राहते.

पावसाळ्यात उघड्या पडलेल्या बेकिंग पावडरचा जोर गेलेला असू शकतो. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा टाका. खळखळून फेस आला तर ठीक, नुसतं गढूळ झालं तर टाकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात.

लोणी आणि तूप: इथेच बाजी जाते

बटर-साखर फेटतो ती नुसती एकजीव व्हावी म्हणून नाही. साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेलेच फुगवते. लोणी पातळ झालं तर त्यात हवा थांबत नाही आणि केक गिच्च होतो, मग पावडर कितीही ताजी असो.

फेटायला लोणी १८ ते २० अंशांचं चांगलं. मुंबईत त्यासाठी ते तासभर आधी बाहेर काढून ठेवायचं नाही. तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. बोट दाबून बघा: खळगा पडला पाहिजे, पण बोटाला तेलकट चकाकी लागता कामा नये. फेटताना मिश्रण पिवळट, चमकदार, सरबरीत दिसायला लागलं तर थांबा. भांडं बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं धरा आणि पुन्हा फेटा, ते पांढुरकं होऊन फुलतं. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा रेसिपीतलं मीठ वगळा.

अंड्याचं उलटं. ती फ्रिजमधून काढून थेट लोण्यात घातली तर लोणी आखडतं आणि मिश्रण नासल्यासारखं फुटतं. अंडी अर्धा तास आधी बाहेर काढा, एकेक करून घाला. तरीही फुटलं तर एक मोठा चमचा मैदा टाका, बहुतेकदा सावरतं.

आता नानकटाई. मैदा १२५ ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, साजूक तूप ११० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, वेलची, चिमूटभर मीठ. प्रमाण सरळ आहे, फसतं ते तूप. उन्हाळ्यात बरणीतलं तूप वाहतं असतं. तसंच घातलं तर गोळे वळताना हात चकचकीत होतात आणि ट्रे आत गेल्यावर पाचव्या मिनिटाला सगळ्या नानकटाया एकमेकींना चिकटून सपाट. तूप फ्रिजमध्ये थिजवून घ्या, पिठीसाखरेबरोबर पाच मिनिटं पांढरं होईपर्यंत फेसा, मग पीठं घाला. मळायचं नाही, फक्त गोळा जमवायचा. वळलेले गोळे २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बेकरीची नानकटाई आकार धरते त्याला भट्टीइतकंच वनस्पती तूपही कारण असतं, ते आपल्या उकाड्यात साजूक तुपाइतकं लवकर वितळत नाही.

आधी एकच गोळा भाजून बघा. पसरला तर उरलेल्या पिठात एक-दोन चमचे मैदा घाला, भुगा झाला तर चमचाभर तूप. ओव्हनमधून काढल्यावर नानकटाई मऊच लागते. कच्ची समजून पुन्हा आत ढकलणं ही हमखास होणारी चूक. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, तूप आळलं की ती खुसखुशीत होते.

ओटीजीचं बटण सांगेल ते खरं नसतं

ओटीजी म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन. त्याच्या बटणावर १८० असलं तरी आत १६० किंवा २०० असू शकतं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगचं सामान मिळतं तिथे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. एकदा फरक कळला की पुढचं सगळं सोपं. ओव्हन दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा. लहान ओटीजीत, म्हणजे १६ ते १९ लिटरच्या, वरची सळई केकच्या डोक्यावरच असते. म्हणून वरून काळा, आतून पाणी. भांडं खालच्या कप्प्यावर ठेवा, फक्त खालची सळई लावा, वरची शेवटच्या पाच मिनिटांपुरती. किंवा वीस मिनिटांनंतर वर फॉइल सैलसर टाका. त्याआधी मात्र दार उघडायचं नाही. कच्चा केक गार हवेच्या झोताने बसतो.

आणखी एक, कारण आपल्या स्वयंपाकघरांत प्लग कमी असतात. १३०० वॅटचा ओटीजी साडेपाच अँपियरच्या पुढे वीज खेचतो. तो मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, पॉवर प्लगच हवा.

कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा, पाणी अजिबात नाही. खरं तर झाकण घट्ट बसणारी जाड कढई जास्त बरी.

मावा केक आणि रवा केक

ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या, १९१४ साली सुरू झालेल्या बी. मेरवानसारख्या इराणी दुकानांनी मुंबईला मावा केकची चटक लावली. घरी करताना तो दोन कारणांनी बिघडतो. एक, मावा शिळा असतो. उकाड्यात तो लवकर आंबतो, म्हणून करायच्या दिवशीच आणा, वास घ्या, चिमूटभर चाखून बघा. दोन, फ्रिजमधला कडक मावा तसाच घातला की गुठळ्या राहतात आणि जड होऊन तळाशी जातात. किसून घ्या, हाताने मळून मऊ करा आणि लोण्याबरोबरच फेटा. मैदा, मावा, साखर प्रत्येकी १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर सव्वा टीस्पून, वेलचीपूड अर्धा टीस्पून, दूध ५० मिली. माव्यातल्या दुधाच्या साखरेमुळे रंग लवकर चढतो, तेव्हा १८० नको, १६५ अंशच ठेवा. लहान कपांत वीस-बावीस मिनिटं लागतात.

मैदा घातल्यानंतर फेटणं बंद. पांढरं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. जास्त घोटलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी, तयार होतं आणि केक चिवट होतो, आत बोगदे पडतात.

रवा केकची गोष्ट वेगळी. बारीक रवा दह्या-दुधात अर्धा तास भिजला पाहिजे, नाहीतर दाताखाली कचकच येते. पण बेकिंग पावडर आणि सोडा भिजवल्यानंतर, अगदी शेवटी. सोडा दह्याला लागल्या क्षणी काम सुरू करतो. भांड्याला तूप लागलेलं, ओव्हन तापलेला, मगच सोडा. अंड्याशिवायच्या केकलाही हाच नियम.

कॅरॅमल पुडिंगमध्ये जाळी पडली?

पाणी खळखळून उकळत होतं. अंडं ऐंशी-पंच्याऐंशी अंशांतच आळतं, त्यापुढे गेलं की पाणी सोडून छिद्रं पडतात. अर्धा लिटर दूध, ४ अंडी, ८० ग्रॅम साखर. मिश्रण फेसाळू न देता ढवळा, गाळा, भांड्यावर फॉइल लावा आणि मंद आचेवर वाफवा. कडा घट्ट आणि मधला भाग जेलीसारखा थरथरता, तेव्हाच गॅस बंद. कॅरॅमल कोऱ्या चहाच्या रंगावर उतरवा, भांड्याच्या उष्णतेने ते पुढे आणखी एक छटा गडद होतंच. काळं होईपर्यंत थांबलात तर कडू.

सादळलेलं आणि फसलेलं

साखर हवेतली ओल ओढते, त्यामुळे जुलैमध्ये नानकटाई ताटात झाकून ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरली तर डब्याच्या आतच वाफ धरते. सादळली तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, गार झाली की पुन्हा कुरकुरीत. मावा केक उकाड्यात दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्येच ठेवा आणि खायच्या अर्धा तास आधी काढा.

बसलेला केक फेकू नका. मधला कच्चा भाग काढून टाका, उरलेल्याचे बोटभर जाडीचे काप करा आणि १५० अंशांवर एकेका बाजूने पंधरा मिनिटं भाजा. चहात बुडवायला केक रस्क तयार.