शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान: मधे किती तास?

शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघायचं, शनिवार-रविवार मालवण नाहीतर गोव्यात स्कूबा डाइव्ह मारायच्या आणि रविवारी रात्री गोव्याच्या मोपा विमानतळावरून उडून सोमवारी ऑफिस गाठायचं. कागदावर बेत झकास दिसतो, पण घोळ त्याच रविवारच्या डाइव्हमध्ये आहे. आधी परतीची वेळ बघा आणि तिथून मागे मोजत शेवटची डाइव्ह ठरवा.

पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. 18 मीटरवर तो 2.8 वातावरण होतो आणि सिलिंडरच्या हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत जास्त मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघतो, पण सावकाश. ब्यूलमानच्या गणितात (डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात अशा एका हिशोबात) शरीराचे वेगवेगळ्या वेगाने भरणारे-रिकामे होणारे भाग धरतात; त्यातला सर्वांत संथ भाग 635 मिनिटांत जेमतेम निम्मा रिकामा होतो. असे भाग एका डाइव्हमध्ये फारसे भरत नाहीत. लागोपाठ दिवसांच्या डाइव्हमध्ये मात्र भरत जातात. विमानाच्या केबिनमधला दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत खाली येतो. शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तेवढं पुरतं. या बुडबुड्यांमुळे होणारा आजार म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस.

वेळ मोजायची ती पाण्याबाहेर डोकं आल्यापासून विमान उडेपर्यंत. डीकम्प्रेशन (वर येताना नायट्रोजन निघावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबणं) न लागणारी एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास. दिवसात अनेक किंवा बरेच दिवस डाइव्ह असतील तर किमान 18. डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर 18 हून बरेच जास्त. आमचा सल्ला सरसकट 24 तासांचा, कारण विमानाची वेळ पुढे ढकलणं तिकीट काढतानाच सोपं असतं. अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) चार दिवस डाइव्ह केल्या आणि शेवटच्या डाइव्हनंतर शनिवारी दुपारी 1 वाजता वर आलात, तर 18 तास रविवारी सकाळी 7 ला भरतात. आमच्या 24 तासांच्या हिशोबाने तिकीट दुपारी 1 नंतरचं काढा. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजन असलेली हवा) वापरलं म्हणून हे तास कमी करू नका. डाइव्ह कॉम्प्युटरवरचं ‘अजून उडू नका’ सांगणारं विमानाचं चिन्ह आधी गेलं, तरी जास्त तासांचा आकडा पाळा. नुसतं स्नॉर्केलिंग केलं असेल तर थांबायची गरज नाही.

गाडीने परतणारे घाट विसरतात. हे नियम 2,000 फुटांपासून, म्हणजे सुमारे 610 मीटरपासून लागू धरतात. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे, महाबळेश्वर 1,350 च्या आसपास. त्यामुळे मालवणहून आंबोली-कोल्हापूर-पुणे करत नवी मुंबईला येण्यापेक्षा मुंबई-गोवा महामार्ग बरा. तिथले घाट बुटके आहेत. कुडाळहून रेल्वेने पनवेल किंवा ठाणं गाठणं सगळ्यांत निवांत. दुसऱ्या दिवशी कळसूबाईचा बेत असेल तर तो पुढच्या आठवड्यावर टाका, शिखर 1,646 मीटरवर आहे.

डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणं बहुतेकदा पहिल्या सहा तासांत दिसतात, पण उशिराही येतात आणि विमानात चढल्यावर उफाळू शकतात. खांदा, कोपर, गुडघ्यात खोल ठणका. अंगावर खाज आणि जांभळट जाळीदार चट्टे. मुंग्या, बधिरपणा, पायात जोर नसणं, चक्कर, लघवी अडणं, धाप. ‘सिलिंडर उचलून खांदा भरला असेल’ असं म्हणत लोक इथेच वेळ घालवतात. जरा जरी शंका आली तरी विमानात बसू नका.

माणसाला सपाट झोपवा आणि पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला 15 लिटर ऑक्सिजन सुरू करा. दुखणं थांबलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत तो काढू नका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर घोट घोट पाणी द्या, दारू अजिबात नाही. पुन्हा पाण्यात उतरवणं हा उपचार नव्हे. 108 ला फोन करून आधी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या आणि रिकम्प्रेशन चेंबरची (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या बंद खोलीची) चौकशी तिथूनच करायला लावा. फुगवून वापरायचे मऊ चेंबर यासाठी चालत नाहीत, ते जेमतेम 1.3 वातावरणाचे असतात. नेहमीचा उपचार 2.8 वातावरणापासून सुरू होऊन पाचेक तास चालतो. डाइव्हची संख्या, खोली, वर आल्याची आणि पहिलं लक्षण दिसल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा, आणि डाइव्ह कॉम्प्युटर रुग्णासोबतच पाठवा.