असोसिएट देशातला खेळाडू काउंटीला सुचवताय? मग या चुका टाळा

हल्ली आपल्याकडची बरीच पोरं डेटा अ‍ॅनालिसिस शिकून स्काउटिंगचे रिपोर्ट बनवतात, आणि त्यात नेदरलँड्स, स्कॉटलंड, नेपाळ, नामिबिया, अमेरिका अशा असोसिएट (म्हणजे आयसीसीच्या फुल मेंबर नसलेल्या) टीममधले खेळाडू शोधून काउंटीला, म्हणजे इंग्लंडमधल्या काउंटी क्लबला, सुचवायचा उत्साह पण खूप असतो. मला हे मनापासून आवडतं कारण या खेळाडूंकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. पण त्याच त्याच चुका होतात आणि चांगल्या खेळाडूचं नाव कच्च्या रिपोर्टमुळे बाजूला पडतं, त्याचं वाईट वाटतं.

टी-२० इंटरनॅशनलचा आकडा जसाच्या तसा उचलणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सुरुवातीला मी पण हेच केलं होतं. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या सगळ्या मेंबर देशांच्या पुरुष मॅचेसना टी-२० इंटरनॅशनलचा दर्जा मिळाला, म्हणजे एकाच कॉलममध्ये वर्ल्डकपची मॅच पण येते आणि पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या टीमविरुद्धची पण. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये नेपाळने मंगोलियाविरुद्ध ३१४ केले, दीपेंद्र सिंग ऐरीची ९ बॉलमध्ये फिफ्टी, कुशल मल्लाची ३४ बॉलमध्ये सेंच्युरी, आणि मंगोलिया ४१ ला ऑलआउट. रेकॉर्ड खरेच आहेत, पोरं पण गुणी आहेत, पण या एका मॅचने स्ट्राइक रेट एवढा फुगतो की बाकीचं काही दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. ज्या टीमना वनडेचा दर्जा आहे आणि ज्या फुल मेंबर (टेस्ट खेळणाऱ्या) आहेत, तेवढ्यांविरुद्धच्या इनिंग वेगळ्या काढा. उरल्या १५ तर १५. त्या १५ चे व्हिडिओ बसून बघा, शॉर्ट बॉलला काय करतो, १४० च्या आसपासचा बॉलर आला की पाय हलतात का, स्पिनला स्वीप सोडून दुसरं काही आहे का. १५ इनिंग नीट बघून लिहिलेलं एक पान मला शंभर इनिंगच्या सरासरीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

व्हाइट बॉलवरून चॅम्पियनशिपचा अंदाज बांधणे

काउंटी चॅम्पियनशिप म्हणजे ड्यूक्स कंपनीचा लाल बॉल, चार दिवस, आणि एप्रिलमधली ओली थंडी. असोसिएट खेळाडू वर्षभर खेळतो व्हाइट बॉल, म्हणजे वनडे आणि टी-२०. पूर्वी असोसिएट टीमसाठी इंटरकॉन्टिनेंटल कप होता, त्यात चार दिवसांच्या मॅच व्हायच्या आणि काहीतरी पुरावा मिळायचा, नेदरलँड्सच्या रायन टेन डुशाटेने २००६ मध्ये कॅनडाविरुद्ध नाबाद २५९ केले ते त्यातच. २०१७ नंतर तो कप झालेलाच नाही, त्यामुळे आज असोसिएट देशातल्या तरुण बॉलरचा फर्स्ट क्लास रेकॉर्ड शोधायला गेलात तर बहुतेक वेळा कोराच दिसेल.

आणि टेन डुशाटेचं उदाहरण देताना लोक एक गोष्ट विसरतात, तो एसेक्स काउंटीकडे २००३ मध्येच आला होता, नेदरलँड्सकडून खेळायला लागला तो त्यानंतर. म्हणजे डच टीममध्ये चमकला म्हणून काउंटीने उचलला असं झालेलं नाही. पुढे त्याच्याच कॅप्टन्सीखाली एसेक्सने २०१७ ला चॅम्पियनशिप जिंकली. त्यामुळे रेड बॉलचा पुरावा नसेल तर रिपोर्टमध्ये सरळ लिहा की आधी टी-२० ब्लास्टपुरताच (काउंटींची टी-२० स्पर्धा) विचार करा, आणि सेकंड इलेव्हनच्या (काउंटीच्या दुसऱ्या टीमच्या) दोन-तीन मॅच खेळवून बघा. उगाच ऑलफॉरमॅट असा शिक्का मारू नका.

पासपोर्ट शेवटी बघणे

हे खरं तर पहिल्या पानावर पाहिजे. काउंटीला एका मॅचमध्ये दोनच ओव्हरसीज (परदेशी) खेळाडू खेळवता येतात, आणि त्या जागेसाठी तुमच्या खेळाडूची स्पर्धा थेट ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या टेस्ट प्लेअरशी असते. अजून पण काही जण लिहितात की डच पासपोर्ट आहे म्हणजे लोकल धरतील, अहो ते ब्रेक्झिटच्या आधीचं झालं, कोलपॅक (युरोपशी करार असलेल्या देशांच्या खेळाडूंना लोकल धरायची सोय) पण २०२० संपताना बंद झालं. आता बाहेरच्या खेळाडूला व्हिसा लागतो आणि त्यासाठी ईसीबीची (इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाची) मान्यता लागते, तिच्या अटी दर सीझनला परत वाचा.

स्कॉटलंडचं वेगळं आहे. असोसिएट टीमकडून खेळल्याने इंग्लंडची पात्रता जात नाही, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्टवाला स्कॉटिश खेळाडू सहसा ओव्हरसीजची जागा खात नाही. स्कॉटलंडचा बॉलर ब्रॅड व्हील हॅम्पशायर काउंटीकडे इतकी वर्षं टिकला तो बॉलिंगमुळेच, पण काउंटीसाठी ही गोष्ट सोयीची असते हे विसरू नका.

तारखा न जुळवणे

२०२३ ची झिम्बाब्वेमधली वर्ल्डकप क्वालिफायर आठवा. ऐन इंग्लिश सीझनमध्ये, जून-जुलैमध्ये. रूलोफ व्हॅन डर मर्व्ह, कॉलिन अ‍ॅकरमन, पॉल व्हॅन मीकरन हे काउंटीवाले नेदरलँड्सकडे नव्हते. त्याच वर्षी डरहमकडे असलेला बास द लीडे मात्र तिथे गेला, स्कॉटलंडविरुद्ध ५ विकेट आणि १२३ रन एकाच मॅचमध्ये, आणि नेदरलँड्स भारतातल्या वर्ल्डकपला आलं. (याचे बाबा टिम द लीडे, २००३ च्या वर्ल्डकपमध्ये सचिनची विकेट काढणारे.) कुणी काउंटीसाठी थांबतो, कुणी देशासाठी जातो, आणि दोघांचंही मला पटतं, रोजीरोटीचा प्रश्न असतो. पण क्लबला हे सही करायच्या आधी कळायला हवं. वर्ल्डकप लीग २ (असोसिएट टीमची वनडे स्पर्धा) च्या काही सिरीज उन्हाळ्यात युरोपमध्ये असतात, त्या तारखा ब्लास्टच्या शेजारी मांडून किती मॅच हुकतील ते आकड्यात द्या.

मैदान न बघता रन मोजणे

विंडहोक समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरच्या वर आहे, तिथे बॉल लांब जातो. नेदरलँड्समध्ये क्लब क्रिकेट बऱ्याच ठिकाणी मॅटवर चालतं. एवढं तरी लिहा.

नोकरी करतो म्हणून कमी लेखणे

आपला मुंबईचा, पण अमेरिकेकडून खेळणारा सौरभ नेत्रवळकर घ्या, ओरॅकलमध्ये इंजिनिअर, आणि २०२४ च्या टी-२० वर्ल्डकपमध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून १८ रन वाचवले, मग भारताविरुद्ध रोहित आणि विराट दोघांना काढलं. अशा खेळाडूबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच की आठवड्याला किती ओव्हर टाकतो, सलग तीन दिवस टाकल्यात का, आणि पाच महिने सुट्टी मिळेल का. कौशल्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

व्हॅन मीकरनने २०२० च्या हिवाळ्यात स्वतःच ट्विट करून सांगितलं होतं की तो उबर ईट्सची डिलिव्हरी करतोय. त्या वेळी कुणी त्याचा रिपोर्ट काढला असता तर तिथे मॅचेसच नव्हत्या. पुढे तो ग्लॉस्टरशायरकडून खेळला, आणि २०२३ ला ईडन गार्डन्सवर बांगलादेशच्या ४ विकेट काढल्या. म्हणून रिकामा सीझन दिसला की नाव खोडायच्या आधी खेळाडूला किंवा त्याच्या कोचला एक फोन करा, मॅच का नव्हत्या ते विचारा.