घोड्याची चंदी वाढवताय? आधी या चुका टाळा

घोडा वाळला की चंदी (म्हणजे धान्याचं खाद्य) वाढवा, हा सल्ला वरातीच्या घोडीला आणि फार्महाऊसवर हौसेने पाळलेल्या मारवाडी घोड्याला सारखाच मिळतो. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो चारा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो. पुण्याच्या पावसाळ्यात हा हिशेब हमखास चुकतो. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे दहा किलोच्या भाऱ्यातून जेमतेम दोन-अडीच किलो कोरडा चारा मिळतो. भारा मोठा दिसला म्हणून वाळलेलं गवत बंद करू नका.

वजन अंदाजाने धरू नका. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३४४ किलो. चंदीही डब्याने नको, काट्यावर मोजा. ओटऐवजी मका आला आणि डबा तोच राहिला, तर घोड्याच्या पोटात जवळपास दुप्पट ऊर्जा जाते.

सगळ्यात महागात पडते ती एकदम भरपूर चंदी घालायची सवय. घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झिरपत राहतं, खायला असो वा नसो. शिवाय त्याला उलटी होत नाही. जास्तीचं धान्य न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे आंबतं, आणि मग पोटशूळ किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली सूज. लग्नसराईत घोडी संध्याकाळभर बँडपुढे उपाशी उभी असते आणि रात्री मोतद्दार, म्हणजे तिची देखभाल करणारा, तिच्यापुढे घमेलंभर चंदी ठेवतो. प्रेमाने ठेवतो, पण उलट करायला हवं: आधी दम जाऊ द्यायचा, मग पाणी, मग गवत, आणि शेवटी थोडी चंदी. एका वेळी दोन किलोच्या वर नाहीच. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून नवा घोडा आणला असेल तर तो तिथे काय खात होता, हे विचारूनच निघा. खाद्य बदलायला ७ ते १० दिवस घ्या.

‘कोंडा हलका असतो’ म्हणून गव्हाच्या कोंड्यावर भर देणारे बरेच भेटतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. महिनोन्‌महिने तेच चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. जोडीला गोठ्यासाठी लावलेलं संकरित नेपिअर गवत असेल तर दुष्काळात तेरावा महिना, कारण त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियम अडवतं. लसूणघास (कॅल्शियम भरपूर असलेला हिरवा चारा) थोडा दिला तर तोल सावरतो. फक्त लसूणघासावर मात्र ठेवू नका. कोवळी हिरवी ज्वारी पूर्ण वर्ज्य.

गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला कधीच नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, आणि ते अगदी थोडंही घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं. बुरशी लागलेला मका किंवा कडबा ‘झटकून’ देणं तितकंच वाईट. मक्यावरच्या बुरशीचं विष थेट मेंदूवर जातं. पावसाळ्यात गंजी जमिनीवर न रचता फळ्यांवर रचा.

मिठाचा दगड चाटायला ठेवा. पाणी दिवसाला २० ते ४० लिटर, उन्हाळ्यात आणखी.

एवढं करूनही घोडा भरत नसेल तर लीद बघा. अख्खे दाणे दिसले किंवा चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडत असतील, तर दातांना धार आली आहे. पशुवैद्याकडून घासून घ्या. जंतासाठी लीद तपासून मगच औषध द्या. घोडा पुढचा पाय आपटतोय, वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय, लीद टाकत नाहीये, असं दिसलं तर समोरचं खाणं काढा, तोंडातून तेल वगैरे ओतू नका आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.